घरी येणारा पपी ट्रेनर, नाशिकरोड : सहा हजारांचा हिशेब

आठ भेटी, प्रत्येक भेट पाऊण तासाची, एकूण सहा हजार रुपये. निम्मे आधी, निम्मे पाचव्या भेटीला. पिल्लू चार महिन्यांच्या आतलं असेल तरच हा कोर्स. त्यापुढच्या कुत्र्यांसाठी वेगळा आहे आणि तो महाग आहे. ट्रेनर गंगापूर रोडकडून स्कूटरवर येतात. नाव-नंबर इथे देत नाही, कारण त्यांच्याकडे सध्या जागा नाही आणि "काका, उगाच फोन वाढवू नका" असं त्यांनीच बजावलंय.

मी इथल्या प्रेसमधून, म्हणजे सरकारी छापखान्यातून, निवृत्त झालो. छापलेले कागद उजेडाला धरून दोष हुडकण्यात नोकरी गेली, त्यामुळे कशावरही मत विचारलं की माझा हात आधी दोषाकडे जातो. या ट्रेनरच्या बाबतीत दोष आहेत, एक तर चांगलाच मोठा आहे. पण पैसे वसूल झाले का, तर झाले. कसे ते सांगतो.

पिल्लू देशी आहे. नाव चिवडी, कारण अंगभर पिवळे-तपकिरी ठिपके. नोव्हेंबरात आमच्या बिल्डिंगमागे उभ्या असलेल्या टेम्पोखाली जन्मली, तिची आई रस्त्यावर गाडीखाली गेली, आणि जानेवारीच्या कडाक्यात, निफाडचा पारा रोज पेपरात येत होता त्या आठवड्यात, मुलीने तिला स्वेटरमध्ये गुंडाळून वर आणलं. मुलगी सोमवारी पुण्याला नोकरीवर परत. "बाबा, थोडे दिवस सांभाळा फक्त." हे थोडे दिवस अजून चालूच आहेत.

पहिल्या भेटीत ट्रेनरने आधी लसीचं कार्ड मागितलं. ते बघितल्याशिवाय पिल्लाला हात लावला नाही, कारण दिवसभरात ते आणखी चार घरांत जातात आणि पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या जुलाब-उलट्यांच्या रोगाचा विषाणू चपला-कपड्यांवरून फिरतो. मग चक्क जमिनीवर बसले आणि बसल्या बसल्या सरकत घर बघितलं. पिल्लाच्या उंचीवरून घर वेगळंच दिसतं म्हणे. टीव्हीमागच्या वायरी, चपलांचं कपाट, मोबाईलचा लोंबता चार्जर, आणि स्वयंपाकघरात ओट्याखाली कांद्याची टोपली. टोपलीशी थांबले आणि म्हणाले, "काकू, ही आजच वर."

सगळ्या कोर्समधला मोलाचा भाग हाच, आणि तो आपल्या नाशिककरांच्या खास कामाचा आहे. आपल्या जिल्ह्याची ओळख असलेली दोन्ही पिकं, द्राक्ष आणि कांदा, कुत्र्याला विषारी आहेत. कांद्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. कच्चा, शिजवलेला, तळलेला, सगळा सारखाच, आणि लसूणही त्याच घरातला. द्राक्षाने मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. कोणत्या कुत्र्याला किती द्राक्षं बाधतील याचा भरवसा नाही, म्हणून एकही द्यायचं नाही. बेदाणे तर आणखी वाईट, कारण तेच सुकून घट्ट झालेलं. अलीकडे पशुवैद्यांचा संशय द्राक्षातल्या टार्टारिक आम्लावर आहे आणि तेच चिंचेतही असतं. म्हणजे आमच्या घरी आमटीची वाटी चाटायला द्यायची सोय गेली, सत्यनारायणाच्या शिऱ्यातला बेदाणा गेला, रविवारच्या मिसळीवरचा कांदा टेबलाखाली पडला तर आधी तो उचलायचा. द्राक्ष खाल्लंच तर उलटीची वाट न बघता लगेच डॉक्टर, हे त्यांनी हिच्याकडून दोनदा वदवून घेतलं. फेब्रुवारीत हिच्या भावाने पिंपळगावहून द्राक्षांची पेटी पाठवली तेव्हा ती पेटी थेट माळ्यावर गेली. मेहुणा अजून रागावलेला आहे.

चॉकलेट आणि शुगरफ्री च्युइंगगममधलं झायलिटॉल याबद्दल मुलीला माहीत होतं. कांद्या-द्राक्षाबद्दल, इतकी वर्षं इथे काढून, आमच्या बिल्डिंगमध्ये कुणालाच नव्हतं. दूध-पोळीही त्यांनी बंद केली, दुधाने जुलाब होतात म्हणून. त्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या तात्यांनी तोंड वाकडं केलं, त्यांच्या गावाकडची कुत्री दूध-भाकरीवरच वाढली. असतील.

शी-शूच्या शिकवणीबद्दल. दुकानात मिळणारे पॅड त्यांनी सरळ नाकारले, कारण कापडी पॅडवर सवय लागली की पायपुसणं आणि गालिचा पिल्लाला तसाच लागतो. त्याऐवजी रोपवाटिकेतून रुंद ट्रे आणायला लावला, त्यात माती आणि वर हरळी, आणि तो गॅलरीत. लसी पूर्ण होईपर्यंत खाली मातीत सोडायचं नव्हतं, पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. नियम सोपा: झोपून उठली, जेवली, खेळली, की उचलून हरळीवर. तिथे काम झालं की त्याच क्षणी खाऊ, घरात परत आल्यावर नाही. महिन्यांचं वय अधिक एक, इतके तास पिल्लू जेमतेम थांबू शकतं हा ढोबळ हिशेब. दोन महिन्यांच्या चिवडीकडून रात्रभर धरून ठेवायची अपेक्षा करणं हा आपलाच मूर्खपणा. रात्रीचा गजर माझ्या वाट्याला आला. म्हातारपणी नाहीतरी उठावं लागतंच.

इथे एक गंमत. फरशीवर ती जिथे करायची तिथेच परत परत करायची. ट्रेनरने वाकून वास घेतला आणि विचारलं, फरशी कशाने पुसता? गोमूत्राच्या फिनेलने. त्यांना हसू आवरेना. कुत्र्याला तिथे कुणीतरी आधीच करून गेल्याची पाटी वाचता येते, असा त्यांचा अंदाज. शूचा वास मुळापासून मोडणारं एन्झाइमचं क्लीनर आणलं, एका बाटलीला चांगले पैसे गेले, पण ती जागा सुटली. गोमूत्राचं फिनेल आता फक्त देवघराच्या खोलीत, आणि त्या खोलीचं दार बंद.

चावण्यावर त्यांचं उत्तर कंटाळवाणं आहे आणि लागू पडतं. पिल्लाला अठ्ठावीस दुधाचे दात असतात, सुईसारखे, आणि चौथ्या महिन्याच्या सुमाराला ते पडून बेचाळीस पक्के यायला लागतात. तोवर काहीतरी चावणारच. दात लागला की खेळ बंद, तोंडातून शब्द न काढता उठून उभं राहायचं. ओरडायचं नाही, हात झटकायचा नाही. हात झटकला की तिला वाटतं खेळ रंगात आला. चावायला गाजर फ्रिजरमध्ये गोठवून, किंवा ओल्या नॅपकिनला गाठ मारून तोही गोठवून. तात्यांनी वर्तमानपत्राची गुंडाळी नाकावर मारायचा उपाय सुचवला होता. ट्रेनरचं म्हणणं, त्याने पिल्लू चावायचं थांबत नाही, गुंडाळी धरलेल्या हाताला भ्यायला शिकतं, आणि भ्यालेलं कुत्रं मोठेपणी खरं चावतं. हिच्या साडीचा पदर मात्र कुठल्याच उपायाला बधला नाही. घरात ती आता पंजाबी ड्रेस घालते, चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

आता आवाजाबद्दल, कारण या माणसाला मी जे पैसे दिले ते मुख्यतः इथे फिटले. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे बघतं-ऐकतं ते त्याला जगाचा भाग वाटतं. ही खिडकी मिटली की नवं ते संशयाचं. चिवडी आमच्याकडे आली तेव्हा तिच्याकडे जेमतेम पाच-सहा आठवडे उरले होते आणि लसी अपुऱ्या. त्यामुळे तिला खाली न ठेवता कापडी पिशवीत घालून सगळीकडे न्यायचं ठरलं. बिटको चौकात रिक्षांच्या गर्दीत बाजूला उभं राहायचं, हेल्मेट घातलेला माणूस, छत्री, काठी टेकत येणारे आजोबा, बुरखा, शाळेची सुटलेली पोरं, सगळं पाच मिनिटं बघायचं, खाऊ खायचा, परत. कुणी हात लावायला आलं तर आधी तिचं अंग बघायचं: कान मागे, शेपटी आत, तर नम्रपणे नाही म्हणायचं. पिशवीतल्या कुत्र्याबरोबर निवृत्त माणूस चौकात उभा राहिला की ओळखी किती होतात याचा अंदाज नव्हता.

आणि नाशिक ढोल. दिल्लीतलं पिल्लू ढोलाशिवाय जगू शकेल, इथलं नाही. १९ फेब्रुवारीला शिवजयंती, मध्ये लग्नाच्या वराती, मग रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडी, म्हणजे रंगाचे जुने हौद, उघडतात तो दंगा, पुढे गणपती. ट्रेनरने मोबाईलवर ढोलाचं रेकॉर्डिंग दिलं. जेवणाचं भांडं खाली ठेवायचं आणि आवाज इतका हळू लावायचा की आपल्यालाच कान द्यावा लागेल. ती निवांत खात असेल तरच दुसऱ्या दिवशी किंचित वाढवायचा. मान वर करून खाणं थांबवलं, की परत खाली. घाई केली तर उलटं होतं, ढोल म्हणजे भीती हे पक्कं बसतं. मी प्रेसचा माणूस, मला असलं रोज एक काडी पुढे सरकवण्याचं काम आवडतं. शिवजयंतीला मिरवणूक आमच्या गल्लीच्या तोंडावरून गेली तेव्हा चिवडी दारामागे गेली, थोडी थरथरली, आणि थोड्या वेळाने बाहेर येऊन भांड्याशी बसली. तिच्या लेखी ढोल वाजला म्हणजे जेवण यायला हवं. वरच्या मजल्यावरचा लॅब्राडोर त्या रात्री पलंगाखालून निघाला नाही, आणि तो पंचेचाळीस हजारांचा आहे.

आता दोष.

वेळ. साडेसहा म्हणजे सव्वासात. एकदा तर आलेच नाहीत, निरोप रात्री. बदली भेट दिली हे खरं.

सामानविक्री. दुसऱ्या भेटीपासून बॅगेतून चिकन जर्कीची (सुकवलेल्या चिकनची) पाकिटं, हार्नेस (गळ्याऐवजी छातीभोवती बांधायचा पट्टा), चघळायची हाडं निघायला लागली. आमचं घर शाकाहारी, हे त्यांनी आल्या आल्या विचारायला हवं होतं. पनीरचे हरभऱ्याएवढे तुकडे आणि उकडलेलं अंडं यावर आमचं भागलं. अंडं गॅलरीत, वेगळ्या शेगडीवर, ही तडजोड ट्रेनरने नाही तर हिने काढली. हार्नेस मात्र घ्या, पण बाजारातून. वाढत्या पिल्लाला तो दोनदा तरी बदलावा लागतो, महागडा घेण्यात अर्थ नाही.

आणि मोठा दोष. शेवटच्या दोन भेटी दोरीवर चालण्याच्या. दोरी ताणली की थांबायचं, सैल झाली की पुढे, हे बिल्डिंगच्या आवारात छान जमलं. गेटबाहेर पडलो आणि गल्लीतली टोळी आली. पाच कुत्री, त्यांतला एक बहुधा तिचा सख्खा नातेवाईक. ट्रेनरचा सल्ला: उचलून घ्या, दिशा बदला. आज ठीक आहे. पूर्ण वाढ झालेली देशी कुत्री पंधरा किलोची होते, माझी कंबर चौसष्ट वर्षांची आहे, आणि आमच्या गल्लीला दिशा दोनच, दोन्हीकडे टोळ्या. ढोलावर ज्या माणसाने इतका बारीक विचार केला त्याने भटक्या कुत्र्यांवर केलेलाच नाही, असं माझं मत झालं. हा भाग त्यांनी परदेशी व्हिडिओंमधून उचललाय, जिथे रस्त्यावर मोकळं कुत्रं नसतं. आमचा तोडगा आमच्या कचरा उचलणाऱ्या ताईंनी दिला: टोळीला रोज एकाच जागी, एकाच वेळी बिस्किटं टाकायची नाहीत, नाहीतर ती जागा त्यांची होते, फिरायला निघायच्या आधी घरातल्या कुणीतरी त्यांना गल्लीच्या दुसऱ्या टोकाला खायला घालायचं. ही हे काम करते, मी आणि चिवडी मागून सटकतो. बऱ्याचदा जमतं.

दुसरा पर्याय म्हणून शहराबाहेर एके ठिकाणी चौकशी केली होती, जिथे पिल्लू महिनाभर ठेवून घेतात आणि शिकवून परत देतात. खर्च चौपट. तिथे साखळीला बांधलेली, गळ्यात आवळणारा पट्टा घातलेली पिल्लं एका ओळीत गप्प बसलेली दाखवली आणि "बघा किती शिस्त" म्हणाले. आम्ही चहाही घेतला नाही.

कुणी घ्यावा हा कोर्स? पिल्लू दोन-अडीच महिन्यांचं असेल, घरात दिवसभर कुणीतरी असेल, आणि घरातली सगळी माणसं भेटीला बसणार असतील, तर जरूर. एकट्या मुलाने बसून बाकीच्यांना सांगायचं असेल तर पैसे वाया. हिने एक आणि मी भलतंच केलं की पिल्लू सोयीचं तेवढं उचलतं. पिल्लू पाच महिन्यांचं होऊन गेलं असेल आणि फटाक्यांना घाबरत असेल, तर ट्रेनरपेक्षा आधी डॉक्टर गाठा. पाचपैकी पावणेचार.

एकेरी भेट सातशे रुपयांना मिळते, मी ऑक्टोबरसाठी, फटाक्यांच्या आधी, एक सांगून ठेवली आहे. तुम्ही नाशिकरोड-जेलरोडच्या बाजूला राहत असाल तर सकाळी साडेसातचीच वेळ मागा. संध्याकाळी ते द्वारका चौकातल्या गर्दीत अडकतात आणि तुमचं पिल्लू तोवर झोपून जातं.