लाईट गेल्यावर डिस्कवर काय उरतं: ईएक्सटी४, एनटीएफएस, बीटीआरएफएस की झेडएफएस?

खानापूर, जांबोटीकडे पावसाळ्यात लाईटची ये-जा ठरलेलीच. तिथल्या दुकानाचं बिलिंग, सोसायटीचं खातं किंवा स्टुडिओतले फोटो ठेवायला फाईल सिस्टिम (डिस्कवर फाईली मांडून ठेवायची पद्धत) निवडताना आधी एक गैरसमज काढून टाकावा: जर्नल (बदल करण्याआधी त्याची नोंद ठेवणारी वही) असलं म्हणजे फाईल बचावली, असं नाही.

लिनक्सचं ईएक्सटी४ नेहमीच्या 'ऑर्डर्ड' पद्धतीत जर्नलमध्ये फक्त मेटाडेटा लिहितं, म्हणजे फाईलचं नाव, आकार, जागा. साधारण दर ५ सेकंदांनी ते पक्कं होतं. मशीन पुन्हा चालू झालं की जर्नल वाचून डिस्क काही सेकंदांत ताळ्यावर येते. पण जुन्या फाईलवरच नवा मजकूर लिहिला जात असताना करंट गेला, तर अर्धा नवा, अर्धा जुना असा मजकूर राहू शकतो. 'डेटा=जर्नल' केलं तर मजकूरही आधी जर्नलमध्ये जातो, पण सगळं दोनदा लिहावं लागतं आणि वेग पडतो. विंडोजच्या एनटीएफएसची गत तीच, जर्नल मेटाडेटापुरतं. विंडोजच्या चेकडिस्क या तपासणीनं सांगाडा दुरुस्त होतो, बिघडलेला मजकूर नाही.

बीटीआरएफएस आणि झेडएफएस जुन्या ब्लॉकला (डिस्कवरच्या मजकुराच्या तुकड्याला) हात लावत नाहीत. नवं दुसरीकडे लिहितात आणि सगळं उतरल्यावरच मुळाचा दुवा बदलतात. शिवाय प्रत्येक ब्लॉकचा चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) असतो, त्यामुळे कुजलेला फोटो गुपचूप चांगला म्हणून हाती येत नाही. मात्र एकाच डिस्कवर चूक कळते, मजकूर दुरुस्त होत नाही. त्यासाठी मिररच्या, म्हणजे तोच मजकूर दोन्हींवर ठेवणाऱ्या, दोन डिस्का लागतात. बीटीआरएफएसवर रेड ५ किंवा ६ (मजकूर अनेक डिस्कांवर विभागून ठेवायच्या पद्धती) टाळावं. दोन्हींत डिस्क ८० टक्क्यांच्या वर भरू देऊ नये.

बिलिंगचा डेटाबेस बीटीआरएफएसवर ठेवला तर फाईलचे डिस्कभर विखुरलेले तुकडे फार होतात. त्यावर काही जण कॉपी-ऑन-राइट, म्हणजे वर सांगितलेलं दुसरीकडे लिहिणं, बंद करतात, पण त्यासोबत चेकसमही जातो. मग बीटीआरएफएस घेतलं कशाला? बिलिंगला ईएक्सटी४ बरं. डेटाबेस मायएस्क्यूएल असेल तर त्याचं 'इनोडीबी फ्लश लॉग अ‍ॅट टीआरएक्स कमिट' हे सेटिंग १ वरच ठेवावं. वेगासाठी ते २ केलं की लाईट गेल्यावर शेवटच्या सेकंदाभरातली बिलं जाऊ शकतात. विंडोजवरच चालणारं सॉफ्टवेअर असेल तर एनटीएफएस हाच सरळ पर्याय, आणि तेही पुरतं. फोटोंना झेडएफएस मिरर, रॅम निदान ८ जीबी, महिन्याला एक स्क्रब (सगळ्या ब्लॉकची चेकसमशी पडताळणी).

एक्सफॅट या फाईल सिस्टिमला जर्नलच नाही. पेनड्राइव्हवरून निपाणीहून बेळगावला फाईल न्यायची तेवढंच त्याचं काम.

यातलं काहीही घ्या, डिस्कनं 'लिहिलं' म्हटल्यावर खरंच लिहिलेलं असायला हवं. डिस्क बसवायचे काही स्वस्त यूएसबी डबे फ्लशचा ('आत्ताच डिस्कवर लिही' असा) हुकूम पुढे पोचवतच नाहीत. तिथे झेडएफएससुद्धा फसतं. मुख्य डेटा सरळ मशीनच्या आतल्या साटा किंवा एनव्हीएमई जोडणीच्या डिस्कवर ठेवावा. यूपीएस घेतला की त्याची यूएसबी वायर मशीनला जोडावी. ती नसेल तर बॅटरी संपत आल्याचं सिस्टिमला कळत नाही आणि मशीन पाचदहा मिनिटं उशिरा, पण तसंच धाडकन बंद पडतं.