जुन्या चॅम्पचे कॅपॅसिटर बदलले, काही महिने वाजवून झाल्यावर

माझा सिल्व्हरफेस फेंडर चॅम्प, म्हणजे गिटारचा छोटा व्हॉल्व्हवाला अँप, गेल्या गणपतीच्या तोंडावर एवढा घूं करायला लागला की शेजारच्या काकू विचारायला आल्या, मोटर चालू राहिलीय का तुमची? व्हॉल्यूम शून्यावर आणला तरी घूं तेवढीच, म्हणजे गिटार, केबल, पहिली स्टेज सगळी सुटली, दोष पॉवर सप्लायमध्ये. आपली मेन्स ५० हर्ट्झची, रेक्टिफायरनंतर (एसीचा डीसी करतो तो) त्याची होते १०० ची घरघर, ती गाळायचं काम फिल्टर कॅपॅसिटरचं आणि माझे तर फॅक्टरीतलेच, सत्तरच्या दशकातले. मिरजेत आमचे एक जुने रेडिओवाले मेस्त्री आहेत, त्यांनी डबा नुसता उलटा करून बघितला आणि म्हणले, "आतला रस आटलाय ओ, आता ह्यो नुसता शोभेला हाय."

आता खरी कटकट. एका ऑनलाइन विक्रेत्याकडनं ४५० व्होल्टचे मागवले, हातात घेतल्यावरच हलके लागले. मेस्त्रींनी एक कापला तर आत करंगळीएवढा दुसराच कॅपॅसिटर, वर मोठ्या डब्याचं सोंग! तक्रार केली तर म्हणे कापलेला माल परत घेत नाही. अरे, कापल्याशिवाय कळणार कसं? शेवटी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरनं २२ मायक्रोफॅरडचे ५०० व्होल्टवाले मागवले, कुरिअरचाच खर्च एवढा की चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. ५०० च का, तर ५वाय३ ही रेक्टिफायर व्हॉल्व्ह लगेच तापते आणि ६व्ही६ या पॉवर व्हॉल्व्हला वेळ लागतो, तेवढ्या वेळात लोड नसतो आणि व्होल्टेज चांगलंच वर चढतं. आणि स्वस्तात जास्त मिळतोय म्हणून पहिला कॅपॅसिटर १०० मायक्रोफॅरडचा टाकू नका, ५वाय३ ला झेपत नाही.

नेटवर सगळे सांगतात की आलोय तर सगळंच बदलून टाक. कशाला? कपलिंगवाले (एका स्टेजचा सिग्नल पुढच्या स्टेजला देणारे) फिल्मचे असतात, त्यात आटायला काही नसतंच. पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर (सिग्नल आत जातो तिथं) डीसी गळतंय का तेवढं मीटरनं बघितलं, नव्हतं, विषय संपला. व्हॉल्व्हच्या कॅथोडचे २५ मायक्रोफॅरडवाले छोटे मात्र बदलले, ते इलेक्ट्रोलिटिकच, म्हणजे आत रस असणारे, आणि स्वस्त. (घरी करणाऱ्यांनी प्लग काढला म्हणून लगेच हात घालू नये, आत साडेतीनशेच्या आसपास व्होल्ट साठून राहू शकतात, रेझिस्टर लावून उतरवायचे, मीटरवर शून्य बघायचं, मग पुढं.)

पहिले काही दिवस आवाज अजिबात आवडला नाही. कोरडा, ताठ, जुना लोळ गेला असं वाटलं, मित्राला तर मी म्हणलो पण की पैसे पाण्यात गेले. पण नंतर व्हॉल्यूम ७ च्या वर नेऊन वाजवायला लागलो तेव्हा मत फिरलं. आधी वरच्या तारेवर सूर ओढला की त्याच्या मागं एक बेसुरी सावली यायची, ती पार गेली, खालच्या तारांचा चिखल पण गेला.

तरी थोडी घूं राहिलीच आणि ती माझ्या डोक्यात बसली. रात्री फॅन बंद करून ऐकत बसायचो, बायको म्हणाली आता अँपला डॉक्टरकडं न्या नाहीतर तुम्ही जा. मेस्त्रींचं म्हणणं, ह्यात एकच पॉवर व्हॉल्व्ह आहे, दोन असते तर एकमेकांची घूं मारली असती, त्यामुळं पूर्ण शून्य होणार नाही. पटलं, पण मन मानेना. मग एके दिवशी स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर, २३० चा ११० करणारा, अँपच्या शेजारनं उचलून खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवला आणि निम्मी घूं तिथंच गायब! माझ्या गिटारच्या सिंगल कॉइल पिकअपमध्ये (तारांचा आवाज उचलणारी कॉइल) तोच घुसत होता. मेस्त्रींना फोन केला तर हसले आणि मजुरी बाकी आहे त्याची आठवण करून दिली.

मजुरी धरून सगळा खर्च दोन हजाराच्या आत बसला, त्यात त्या नकली मालाचे पण पैसे आलेत. ती तक्रार अजून चालू आहे, कापलेला कॅपॅसिटर मी जपून ठेवलाय.