सखी वन स्टॉप सेंटर (आमच्या जिल्ह्याचं) : पाचपैकी साडेतीन स्टार

सखी सेंटर म्हणजे मारहाण, छळ सोसणाऱ्या बायकांना मदत करणारं सरकारी केंद्र. हॉटेलला, साडीच्या दुकानाला, गॅस एजन्सीला सगळे रिव्ह्यू देतात, असल्या जागेला कोण देणार, म्हणून मीच लिहितेय. जिल्ह्याचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण तिथल्या पोरी कंत्राटावर आहेत, उगाच त्यांची नोकरी अडचणीत यायला नको, आणि दुसरं म्हणजे मी जिच्यासोबत गेले होते ती कोण ते आमच्याकडे लगेच ओळखू येईल.

माझं पार्लर आहे. आमच्या धंद्यात बायका डोळे मिटून खुर्चीत बसतात आणि मग बोलतात, आणि नाही बोलल्या तरी मान, दंड, कानामागची जागा आम्हाला दिसतेच की. "बाथरूममध्ये पाय घसरला" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आमच्या तालुक्यातल्या सगळ्या बाथरूमच्या फरश्या बदलायला हव्यात. ही ताई तशीच, आयब्रो करायला आली आणि म्हणाली ताई जरा इथलं झाकेल असं काहीतरी लावून द्या ना, संध्याकाळी नणंदेकडे डोहाळेजेवण आहे. लावून दिलं. आणि विचारलं पण.

तर सेंटरला जायच्या आधी ती कुठेकुठे जाऊन आली होती ते ऐका, कारण त्याशिवाय या रिव्ह्यूला अर्थ नाही. आधी माहेरी, तिथे आई म्हणाली दोन लेकरं आहेत, सहन कर, तुझ्या बापाने काय कमी मारलं का मला. मग गावातली तंटामुक्तीची माणसं बसली, नवऱ्याला चार शब्द सुनावले, तिला आठ सुनावले, कागदावर दोघांच्या सह्या घेतल्या आणि चहा झाला. तंटामुक्त गाव मोहीम २००७ ला आली तेव्हा हेतू चांगला होता, बांधावरची भांडणं कोर्टात जाऊन वर्षानुवर्षं कुजू नयेत वगैरे, पण बांधाचं भांडण आणि बायकोच्या डोक्यात घातलेला पाट या दोन्ही गोष्टी त्याच सतरंजीवर बसून कशा मिटवतात लोक? मग ती पोलीस ठाण्यात गेली, तिथे एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) लिहून घेतली आणि साहेब म्हणाले बघा ताई, संसार आहे, भांड्याला भांडं लागणारच. म्हणजे सेंटरच्या दारात पाय ठेवेपर्यंत तिला तीन ठिकाणी मिटवून घ्या सांगून झालं होतं.

आता सेंटर. सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारात, मागच्या अंगाला. बोर्ड आहे पण त्याच्यापुढे कोणीतरी निकामी अॅम्ब्युलन्स लावून ठेवलीय, आम्ही दोनदा पुढे गेलो आणि परत आलो, शेवटी चहावाल्याने दाखवलं. नेटवर दिलेला लँडलाइन लागत नाही. १८१ वर, म्हणजे महिला हेल्पलाइनला, फोन केला तर तिथून मात्र जोडून दिलं नीट. (अंगावर धावून आलाच कोणी तर सरळ पोलिसांचा ११२.) एक स्टार इथेच कापला, कारण जिला रात्री घराबाहेर काढलंय ती बाई लेकरू काखेत घेऊन अॅम्ब्युलन्सच्या मागे बोर्ड कुठे शोधणार.

पण आत गेल्यावर जे झालं त्याला मी पैकीच्या पैकी देते. केसवर्कर मुलगी, पंचवीस-सव्वीसची असेल, तिने पहिल्यांदा पाणी दिलं, मग आमच्यासोबत आलेल्या ताईच्या मामेसासूला गोड बोलून बाहेरच्या बाकावर बसवलं आणि दार लावलं. मलाही विचारलं नाही, ताईलाच विचारलं की या मॅडम आत थांबल्या तर चालतील का तुम्हाला. आणि मग पहिला प्रश्न: तुम्हाला काय हवंय? घरी परत जायचंय पण मार नकोय, की वेगळं राहायचंय, की फक्त आज रात्रीपुरती जागा हवीय, की नुसतं बोलायचंय? ताई बराच वेळ गप्पच बसली, इतक्या सगळ्या बैठकांत हे कोणी विचारलंच नव्हतं.

मग त्या केसवर्करने समजावून सांगितलं, आणि हे मी सविस्तर लिहितेय कारण मला स्वतःला यातलं अर्धं माहीत नव्हतं. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा वेगळा आणि जुना ४९८ अ वेगळा (तो आता न्यायसंहितेत कलम ८५ झालाय). ४९८ अ म्हणजे नवऱ्यावर गुन्हा, अटक होऊ शकते, म्हणून बायका घाबरतात की घर मोडेल. २००५ च्या कायद्यात मॅजिस्ट्रेटकडून आदेश मागता येतो, मारू नको, घराबाहेर काढू नको, खर्चाला पैसे दे, मुलं माझ्याकडे राहू देत. आदेश मोडला तर मग गुन्हा, वर्षभरापर्यंत कैद किंवा वीस हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी सून तिथे राहत असेल तर राहण्याचा हक्क मागू शकते, सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये तसं सांगितलंय. आणि मारहाणच पाहिजे असं नाही, पैसे न देणं, सतत घालूनपाडून बोलणं हे पण त्यात येतं. वकील विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट, बाईचं उत्पन्न कितीही असो. मी म्हटलं, अहो मग हे एसटीच्या मागे का नाही छापत, तिथे नको त्या जाहिराती असतात.

संरक्षण अधिकाऱ्यांसाठीचा (या २००५ च्या कायद्याखाली नेमलेले सरकारी अधिकारी) घटनेचा अहवाल, त्याला ते लोक डीआयआर म्हणतात, तो तिथेच भरून घेतला, तारखा आठवत नव्हत्या तर सण विचारून विचारून तारखा काढल्या, पोळ्याच्या आदल्या दिवशी, धाकट्याच्या वाढदिवसाला. तपासणीला हॉस्पिटल शेजारीच, एमएलसी, म्हणजे जखमांची कायदेशीर नोंद, झाली. राहायला पलंग आहेत, चादरी स्वच्छ, लहान मुलं सोबत चालतात, साधारण पाच दिवसांपर्यंत ठेवतात आणि जास्त लागलं तर शक्ती सदनला, म्हणजे बायकांच्या सरकारी निवाऱ्याला, पाठवतात. जेवण ठीक, वरण पातळ. बाथरूमच्या दाराला कडी नव्हती, या जागेला तरी असावी ना राव.

उरलेला अर्धा स्टार कुठे गेला ते सांगते. पुढच्या तारखेला ती मुलगी रजेवर होती (पगार लांबलाय म्हणून दुसरीकडे मुलाखतीला गेली होती असं कानावर आलं, खरंखोटं देव जाणे) आणि तिच्या जागी एक सीनियर बाई होत्या. त्यांनी नवऱ्याला आणि ताईला समोरासमोर बसवलं आणि सुरू, टाळी एका हाताने वाजत नाही, तू पण उलट बोलतेस का, सासूचं करतेस का. ताई पुन्हा तीच मान खाली घालून बसलेली. म्हणजे भिंती त्याच, फॉर्म तोच, सरकारी योजना तीच, आणि खुर्चीवर माणूस बदललं की सेंटरची तंटामुक्ती समिती होते.

आणि त्या बाई काही राक्षस नाहीत हो, आपल्यासारख्याच आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात लोकांना कारणं वाचून दाखवली होती, न सांगता बाहेर गेली, स्वयंपाक बिघडला, उलट बोलली, सासू-सासऱ्यांचा मान ठेवला नाही, तर यातल्या एखाद्या तरी कारणासाठी नवऱ्याने मारलं तर ठीक म्हणणाऱ्या बायका ४५ टक्के निघाल्या आणि पुरुष ४४. बायका एक टक्का पुढेच! सगळ्यात जास्त हो आलं ते सासरच्यांचा मान न ठेवण्याला. शेजारच्या तेलंगणात असं म्हणणाऱ्या बायका ८४ टक्के आणि हिमाचलात १५, म्हणजे हे काही रक्तातच असतं असं नाही, बदलतं. त्याच सर्वेक्षणात हिंसा सोसलेल्या बायकांपैकी ७७ टक्के बायकांनी कोणाला सांगितलंच नव्हतं, मदत मागितली फक्त १४ टक्क्यांनी. तर ह्या ज्या मूठभर बायका दारापर्यंत पोचतात त्यांना खुर्चीवरच्या माणसाच्या मतावर सोडून कसं चालेल, ट्रेनिंग द्या, पगार वेळेवर द्या, टिकवून ठेवा ती पहिली मुलगी.

२००८ च्या सुमारास टीव्हीवर ती बेल बजाओची जाहिरात यायची आठवतेय का, शेजाऱ्याला आवाज येतो, तो जाऊन बेल वाजवतो आणि काहीतरी किरकोळ मागतो, बस. आमच्या बिल्डिंगमध्ये आवाज आला की लोक सिरियलचा आवाज वाढवतात. त्या केसवर्करने सांगितलं की कायद्याच्या कलम ४ प्रमाणे कोणीही, शेजारी, किराणावाला, पार्लरवाली, संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं, चांगल्या हेतूने कळवलं तर आपल्यावर काही येत नाही. फक्त आधी त्या बाईला विचारा, तिच्या पाठीमागे परस्पर करू नका, रात्री घरात तिलाच राहायचं असतं.

ताईचं सध्या असं आहे की घरातून काढू नये असा अंतरिम आदेश मिळालाय, पोटगीचं लटकलंय. कायद्यात लिहिलंय की पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लावायचा प्रयत्न करावा, आमच्याकडे वकील नुसते हसले. नवरा कोर्टाचा कागद आल्यापासून हात लावत नाही, बोलतही नाही, ती म्हणते बरंय.

जाणाऱ्यांनी आधार कार्ड, असतील तर दवाखान्याचे कागद न्यावे, पण काहीच नसेल तरी जा, लग्नाचं सर्टिफिकेट मागून परत पाठवत नाहीत. सोबत सासरचं माणूस नेऊ नका. आणि रात्री हॉस्पिटलचं मेन गेट बंद असतं, कॅज्युअल्टीच्या बाजूने आत जायचं आणि वॉचमनला नुसतं सखी म्हटलं तरी तो आणून सोडतो.