कॅम्परव्हॅन स्वतः धुवायची की धुवायला द्यायची?

कॅम्परव्हॅन, म्हणजे आत झोपायची-राहायची सोय असलेली गाडी, घेण्याआधी सगळे तेच प्रश्न विचारतात. किती जण झोपतात, डिझेल किती खाते, आत संडास आहे का. ती धुणार कोण, हे कुणीच विचारत नाही. तो प्रश्न पहिल्या कोकणवारीनंतर पडतो. चाकांच्या कमानीत तांबडी माती चिकटलेली, गादीखाली ओल, आणि कपाट उघडलं की परवाच्या सुरमईचा वास.

मग दोन वाटा दिसतात. महिन्या-दोन महिन्यांनी गाडी वॉशिंग सेंटरवर टाकायची, नाहीतर बादली-ब्रश घेऊन स्वतः उभं राहायचं. आम्ही दोन्ही करून पाहिलं आहे. आमची गाडी ट्रॅव्हलर मिनीबसवर बांधून घेतलेली, मुक्काम पुण्यात, फिरणं बहुतेक कोकणात आणि घाटात. माझं मत आधीच सांगतो: गाडीचं पोट, म्हणजे खालची बाजू, सेंटरला द्या, छत आणि आतली बाजू आपल्याच हातात ठेवा, आणि चकाकीवरचा खर्च सगळ्यात शेवटी करा.

बाहेरचं अंग

सेंटरचा फायदा उघड आहे. प्रेशर पंप, फोम, अर्ध्या तासात मोकळे. साध्या मोटारीला यात काही धोका नसतो. पण कॅम्परव्हॅन म्हणजे जागोजागी भोकं पाडलेली गाडी. जादाच्या खिडक्या, छतातला पंखा, फ्रिजची जाळी, बाहेरून वीज घ्यायचं सॉकेट, पाणी भरायचं तोंड, बाजूला ओढायच्या छपरीचे बोल्ट. प्रत्येक भोकाभोवती रबर किंवा सीलंटची (फट बुजवणाऱ्या लुकणाची) एक कड असते, आणि पाऊस अडवायचं काम तीच करते. वरून पडणारा पाऊस ती थोपवते, हातभर अंतरावरून तिरका मारलेला फवारा नाही.

पहिल्याच वर्षी आम्ही गाडी अशीच एका सेंटरवर सोडून चहाला गेलो. धुणाऱ्या पोरानं खिडकीच्या रबरावरची माती निघेना म्हणून नोझल तिथेच धरलं. महिनाभरानं त्या खिडकीखालचं प्लाय बोटानं दाबलं तर आत गेलं. पोराची चूक म्हणावी तर तो दिवसाला गाड्यांवर गाड्या धुतो, त्यातल्या एकीतही पलंग नसतो.

घरी धुवायला दीड-दोन तास जातात. लांब दांड्याचा मऊ ब्रश, कार शॅम्पू आणि दोन बादल्या: एकीत शॅम्पू, दुसरीत ब्रश खळबळायला साधं पाणी. एकाच बादलीत भागवलं तर घाटातली वाळू पुन्हा रंगावर घासली जाते. भांडी घासायचं लिक्विड वापरू नका, रंगावरचा मेणाचा थर ते उतरवतं. बाहेरून आणलेल्या अ‍ॅक्रिलिक खिडक्या असतील तर काचेचा स्प्रेही नको. त्यातल्या अल्कोहोल-अमोनियानं अ‍ॅक्रिलिकवर केसासारख्या चिरा पडतात, त्या परत जात नाहीत.

अडचण सोसायटीची. उन्हाळ्यात टँकर चालू झाले की नळी लावून पाच-सहा मीटरची गाडी धुणाऱ्याकडे लोक कसे बघतात, ते अनुभवायलाच हवं. त्या दोन-तीन महिन्यांत मी सेंटरवर जातो, पण तिथून हलत नाही. सूचना एकच: फवारा तीन फुटांवरून, वरून खाली, आणि खिडक्या-जाळ्यांवर प्रेशर नाही.

पोट

इथे घरगुती हौस उपयोगाची नाही. रॅम्पशिवाय खालचं काही दिसत नाही, धुणं तर दूरच. तारकर्ली, गुहागर, हर्णै अशा किनाऱ्यांवर दोन रात्री उभी राहिलेली गाडी वाळूत उतरली नसली तरी खाऱ्या हवेत भिजलेली असते. परतल्यावर दोन-तीन दिवसांत गोड्या पाण्यानं खालून धुऊन घ्या. चासीचे सांधे, ब्रेकच्या नळ्या, पाण्याच्या टाकीचे पट्टे नीट दाखवा. मीठ ओल धरून ठेवतं, म्हणून गाडी कोरडी दिसत असतानाही गंज चालूच राहतो.

फक्त शेवटचा कार्यक्रम नाकारायचा. धुऊन झालं की बऱ्याच ठिकाणी खालून डिझेल किंवा जुनं ऑइल मारतात, ‘गंज धरत नाही’ म्हणून. पत्र्याला चार दिवस बरं वाटतं, पण डिझेलनं रबरी बुश फुगतात आणि नरम होतात. शिवाय त्या चिकट थरावर पुढच्या प्रवासातली सगळी धूळ बसते.

गंजरोधक थर द्यायचाच असेल तर दोन प्रकार आहेत. डांबरी-रबरी जाड थर दगडांचा मारा सोसतो, पण वर्षानुवर्षांनी तडकला की ओल त्याच्या आत अडकते आणि गंज झाकलेलाच वाढतो. मेणासारखा पातळ थर सांध्यांत झिरपतो, आत काय चाललंय ते दिसत राहतं, पण दरवर्षी नव्यानं द्यावा लागतो. नव्या गाडीला पहिला चालेल. गंज सुरू झालेल्या जुन्या गाडीला दुसराच.

छत

कॅम्परव्हॅन खराब होते ती छतापासून, आणि सेंटरवर छताकडे कुणी बघत नाही. गाडीची उंची अडीच मीटरच्या वर, खालून फोम उडवला की झालं. सोलर पॅनेलखाली कुजलेला पाला, पंख्याच्या चौकटीला गेलेली बारीक चीर, केबल आत जाते तिथलं सुटलेलं सीलंट, हे शिडी लावून वर गेल्याशिवाय दिसत नाही. मी वर्षातून दोनदा चढतो, मे संपताना आणि दिवाळीनंतर. छतावर फळी टाकून गुडघ्यावर बसायचं, उभं राहायचं नाही. सीलंटची कड अंगठ्यानं दाबत जायचं. जिथे ती उचलते, तिथे पाणी शिरणार.

गाडी बांधणारे बहुतेक सगळीकडे सिलिकॉन भरतात, कारण ते स्वस्त आणि दुकानात हाताशी. अंघोळीच्या खोलीला ते छान. छतावर मला पटत नाही, कारण जुन्या सिलिकॉनवर नवीन काहीच धरत नाही, अगदी नवं सिलिकॉनसुद्धा. म्हणजे दुरुस्तीच्या वेळी पात्यानं कण न् कण खरवडा. पंख्याच्या आणि पॅनेलच्या चौकटीखाली ब्यूटिल टेप (चिकट रबरी पट्टी) आणि वरून उन्हाला टिकणारं पॉलियुरेथेन सीलंट, ही जोडी महाग पडते. ती गाडी बांधतानाच मागून घ्या. नंतरचा खर्च प्लाय बदलण्याचा असतो.

चकाकी

सिरॅमिक कोटिंगचा, म्हणजे रंगावर द्यायच्या टिकाऊ चकचकीत थराचा, आकडा एवढ्या मोठ्या गाडीला सहज पाच अंकी जातो. त्यानं माती लवकर सुटते हे खरं, रंगाचं तेजही टिकतं. पण दगडाचा टवका ते अडवत नाही आणि सीलंटच्या चिरेशी त्याचं काही देणंघेणं नाही. साधं मेण दोन-तीन महिने टिकतं, रविवारची सकाळ खातं. माझी गाडी मेणावरच आहे. छताचं सीलंट, खालचा थर आणि टायर यांचं सगळं झाल्यावर पैसे उरले, तर सिरॅमिक करा.

आत

सेंटरवाल्यांची आतली साफसफाई म्हणजे व्हॅक्यूम, डॅशबोर्डला पॉलिश आणि सीटना शॅम्पू. त्यातला शॅम्पूच नडतो. ओली गादी, ओलं कापड, बंद दारं, आणि भोवती प्लाय. पावसाळ्यात आठवडाभरात कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात काळे ठिपके दिसतात. दोन माणसं रात्रभर आत झोपली तरी श्वासाची वाफ काचांवरून ओघळते, त्यात आणखी पाणी कशाला ओतायचं?

म्हणून आतलं काम कोरडं आणि घरीच. परत आल्या दिवशी गादी उभी करायची, कपाटं आणि पलंगाखालचे कप्पे उघडे, पंखा चालू. हे न करता कितीही पुसलं तरी वास जात नाही. लॅमिनेट पिळलेल्या कापडानं पुसायचं. बुरशीला पांढरं व्हिनेगर फवारून, पुसून, पूर्ण वाळवायचं. उघड्या प्लायवर ब्लीच मारलं तर डाग पांढरा होतो, पण ब्लीचमधलं पाणी लाकडात मुरतं आणि मूळ तिथंच राहतं. मासळी तळायची असेल तर शेगडी बाहेर काढा. आमच्या घरात यावर एकदाच वाद झाला, त्यानंतर तवा आत आलेला नाही. आणि शेगडी बाहेर काढताना गॅसच्या नळीवरची तारीखही बघा. सुरक्षा नळीची मुदत पाच वर्षं असते, आणि गाडीच्या हादऱ्यांत तिला वेळेआधीच चिरा पडू शकतात.

पाण्याची टाकी कुणी धुऊन देत नाही, कारण ती दिसत नाही. ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट (साधं ब्लीच) १०० लिटर पाण्याला १०० मिली, सगळे नळ सोडून वास आला की बंद, चार तास थांबून सगळं ओतून टाका आणि साध्या पाण्यानं दोनदा खळबळा. सुगंधी ब्लीच नको. टाकी स्टीलची असेल तर रात्रभर ठेवू नका, क्लोरीननं स्टीललाही खड्डे पडतात. प्लास्टिकच्या टाकीत ही काळजी कमी, पण उजेड लागला तर शेवाळ लवकर धरतं.

संडासाची कॅसेट, म्हणजे खालची काढता येणारी मैल्याची टाकी, रिकामी करणं हे काम पैसे देऊनही कुणी आनंदानं करत नाही. आपल्याकडे त्याची वेगळी सोय रस्त्यावर जवळजवळ नाही, म्हणून मुक्कामाच्या ठिकाणी विचारून तिथल्या संडासातच ओता. कॅसेटमध्ये फिनेल किंवा ब्लीच घालू नका, सेप्टिक टँकमधले जिवाणू त्यानं मरतात. झडपेच्या रबराला सिलिकॉन स्प्रे मारा. व्हॅसलीन आणि खोबरेल तेल दोन्ही नकोत, रबर बिघडून झडप गळायला लागते.

भाड्यानं देणार असाल तर

महाराष्ट्राचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ साली आलं, त्यानंतर गाडी भाड्यानं द्यायचा विचार करणारे बरेच भेटतात. त्यांचं गणित वेगळं. दर मुक्कामानंतर चादरी, कॅसेट, टाकी हे सगळं करणं स्वतः नोकरी सांभाळून जमणारं नाही, आणि दरवेळी सेंटरवर पाठवलं तर वर्षात खिडक्या गळतील. ठरलेला एकच माणूस ठेवा, तो धुवायला कच्चा असला तरी चालेल. त्याला पहिल्या दिवशी शॅम्पू दाखवण्याआधी शिडी धरून वर न्या आणि सीलंटच्या कडा कुठे कुठे आहेत ते दाखवा.