जुन्या सागवानी खिडक्यांची दुरुस्ती : लातूरच्या एका सुतारी कारखान्याचा अनुभव

जुन्या घरांच्या लाकडी खिडक्या मनापासून दुरुस्त करून देणारे कारागीर मराठवाड्यात आता मोजकेच उरले आहेत, आणि जे आहेत त्यांच्यातही लाकूड ओळखून काम करणारा कोण व वरवर पॉलिश मारून देणारा कोण, हे काम हातात पडेपर्यंत कळत नाही. अंबाजोगाईतील आमच्या वाड्याच्या माडीवरील खिडक्या, गावाला मोमिनाबाद म्हणत त्या काळातल्या, लातूरच्या एका सुतारी कारखान्याकडून दुरुस्त करून घेतल्या. एक खिडकी पूर्वीच नाहीशी झाली होती, तिच्या जागी तशीच जुनी खिडकी त्यांच्यामार्फत शोधून बसवली. या कामावरून एक पावसाळा आणि एक उन्हाळा गेल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे. लाकूडकामासाठी या कारखान्याची शिफारस मी निःसंकोच करीन; झडपांच्या फळ्यांबाबत आणि कामाच्या मुदतीबाबत मात्र आधीच स्पष्ट बोलून घ्यावे, असे माझे मत आहे.

सर्वांत आधी पटली ती त्यांची पाहणी. त्यापूर्वी बोलावलेल्या मिस्त्रींनी अंगणातूनच वर पाहून ‘लाकूड गेलंय, काढून टाका, स्लायडिंग बसवून घ्या’ असा निकाल दिला होता. या कारखान्याचे वयस्क मिस्त्री दाभण घेऊन माडीवर आले, प्रत्येक चौकटीच्या खालच्या आडव्या लाकडात, कोपऱ्यांच्या सांध्यांत आणि गजांच्या भोकांभोवती त्यांनी ते टोचून पाहिले, ठोकून आवाज ऐकला, आणि खर्च विचारल्यावर एवढेच म्हणाले, ‘आधी रंग काढू द्या काका, मग पैशाचं बोलू.’ रंगाखाली काय आहे ते न पाहता ठोक रक्कम सांगणारा कारागीर एकतर भीतीपोटी जास्त सांगतो, नाहीतर काम सुरू झाल्यावर रक्कम वाढवत नेतो. म्हणून या एका उत्तरावर माझा विश्वास बसला.

रंग निघाल्यावर दिसले ते असे, की चौकटींचा वरचा सगळा भाग ठणठणीत होता आणि कुजले होते ते फक्त खालचे आडवे लाकूड व त्यावर उभ्या राहिलेल्या लाकडांची वीतभर टोके. सागाच्या गाभ्यात मुळातच तेलकट अंश असतो, त्यामुळे वाळवी आणि बुरशी त्याला सहजासहजी लागत नाही. परंतु पाणी वर्षानुवर्षे एकाच जागी मुरत राहिले तर सागाचाही इलाज चालत नाही. हे पाणी मुरण्याचे कारण मिस्त्रींनी भिंतीकडे बोट करून दाखवले. आमच्या भिंती दगड आणि पांढऱ्या मातीच्या, आणि त्यांवर मूळचा गिलावा चुन्याचा. चुन्यातून भिंतीतली ओल हळूहळू बाहेर पडत राहते. पुढे कधीतरी बाहेरच्या अंगाला सिमेंटचा गिलावा झाला, तो चौकटीला अगदी भिडवून आणला गेला, आणि भिंतीत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला लाकडाखेरीज दुसरी वाट उरली नाही. लाकडावर ऑइल पेंटचे थरावर थर चढलेले असल्याने ती ओल लाकडातच कोंडली गेली. खिडकी जुनी झाली म्हणून कुजली, असे आपण सरसकट म्हणतो, पण तिला कुजवणारी ही पुढच्या काळातली दुरुस्ती होती, आणि ती तशीच ठेवून नवी खिडकी बसवली असती तर तीही याच वाटेने गेली असती. भिंतीचे काम हा कारखाना करत नाही. त्यासाठी गवंडी आपला आपण पाहावा लागतो, आणि चुन्यात काम करणारा गवंडी मिळवणे हे सुतार मिळवण्याहून अवघड आहे. आम्ही चौकटींभोवतीचे सिमेंट काढून चुना, बारीक वाळू आणि सुरखीचा (विटांच्या भुकटीचा) गिलावा करून घेतला आणि खिडकीखालच्या दगडाला बाहेरच्या बाजूने उतार दिला. हा खर्च कारखान्याच्या बिलात नसतो, तो आधीच धरून चालावे.

रंग काढण्याच्या पद्धतीबद्दल दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाखांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, लाल आणि हिरव्या छटांत, शिसे भरपूर असू शकते. कोरडे घासले की त्याची धूळ होते आणि ज्योतीने जाळले की धूर, आणि दोन्ही लहान मुलांना फार घातक. कारखान्याने रंग मऊ करणारे रसायन लावून खरवडणीने थर काढले, उरलेला भाग पाणी लावून घासला आणि खरवड पोत्यात भरून बाजूला ठेवली. हे योग्य झाले. मात्र काम करणाऱ्या कारागिरांच्या नाका-तोंडाला साधा रुमालही नव्हता. ही गोष्ट मी मालकांना बोलून दाखवली आणि येथेही नोंदवतो.

आता खऱ्या कारागिरीकडे येतो. जुन्या झडपांचे सांधे खिळ्यांवर उभे नसतात. आडव्या लाकडाचे निमुळते केलेले टोक उभ्या लाकडाच्या खाचेत शिरते आणि त्या दोहोंतून आरपार बांबूची खुंटी ठोकलेली असते. ही खुंटी एका टोकाला किंचित बारीक असते. मिस्त्रींनी प्रत्येक खुंटीचे बारीक टोक हाताने चाचपून शोधले, त्यावर लोखंडी कांब टेकवून हलके ठोके दिले, आणि खुंटी ज्या बाजूने आत गेली होती त्याच बाजूने सुटून आली. एकाही झडपेचे लाकूड त्यात फाटले नाही. पुन्हा जुळवताना खुंट्या बांबूच्याच घातल्या, कारण लोखंडी खिळा गंजतो, गंजला की फुगतो, आणि फुगला की भोवतालचे लाकूड फाकवतो. गजांच्या भोकांशी लाकूड नेमके याच कारणाने चिरले होते. चौकोनी घडीव गज काढून, गंज खरवडून, रेड ऑक्साइडचा हात देऊन ते परत त्याच भोकांत बसवले.

चौकटीची कुजलेली टोके त्यांनी काटकोनात न कापता तिरकी कापली. कापाचा उतार बाहेरच्या दिशेने ठेवल्याने सांध्यावर आलेले पाणी आत न थांबता बाहेर ओघळते, आणि तिरक्या कापामुळे डिंक धरण्यासाठी जागाही अधिक मिळते. जोडलेले तुकडे जुन्या सागाचे होते व त्यांच्या रेषा मूळ लाकडाच्या रेषांना मिळतील असे निवडले होते. जवस तेलाचे हात दिल्यानंतर हे सांधे नजरेला दिसत नाहीत, बोट फिरवून शोधावे लागतात. जेवढे सडले आहे तेवढेच काढायचे आणि त्यापलीकडे पटाशी चालवायची नाही, हा संयम या कारखान्याचा सर्वांत मोठा गुण आहे. नांदेड जिल्ह्यात किनवटच्या जंगलात साग आजही आहे, परंतु वखारीत आज मिळणारा नवा साग बहुधा कमी वयाचा, लागवडीचा किंवा परदेशातून आलेला असतो आणि त्यात पांढरट, कच्चा भाग बराच निघतो. जुन्या चौकटीतला दाट गाभा एकदा फेकून दिला की तसा तो पैसे देऊनही सहसा मिळत नाही.

माझी तक्रार आहे ती फळ्यांबद्दल. झडपेतील पातळ फळी चारही बाजूंच्या खोबणीत मोकळी बसवलेली असते, आणि ती तशीच राहिली पाहिजे. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, परंतु रुंदीत ते दमट हवेत फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर आणि हवा कोरडीठाक असते, तर श्रावणात त्याच लाकडाला दमटपणा लागतो. हा फरक फळीने खोबणीत मागेपुढे सरकून सोसायचा असतो. कारखान्यातील कोणी तरुण कारागिराने एका झडपेच्या फळीभोवतीची फट भुसा आणि पांढरा डिंक कालवून बुजवून टाकली. दिसायला काम सफाईदार वाटले, पण उन्हाळ्यात ती फळी मधोमध उभी तडकली. कळवल्यावर मालकांनी माणूस पाठवून फट मोकळी केली, फळी जोडून दिली आणि पैसे घेतले नाहीत, हे खरे. तरीही माल बाहेर पडण्याआधी वयस्क मिस्त्रींची नजर प्रत्येक झडपेवरून फिरायला हवी होती. काम ताब्यात घेताना फळी दोन्ही हातांनी दाबून किंचित हलते का, हे पाहून घ्यावे.

नाहीशा झालेल्या खिडकीच्या जागी दुसरी निवडणे हा या सेवेतील मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्यानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात दगड-मातीच्या घरांची जी धास्ती लोकांच्या मनात बसली तिच्यामुळे कितीतरी जुनी घरे उतरवली गेली, आणि त्यांचे खांब, तुळया, दारे, खिडक्या विकल्या गेल्या. वखारीत रचलेल्या त्या चौकटी पाहताना मन जड होते, आणि त्यातली एखादी पुन्हा कोणाच्या घरात उघडझाप करू लागली तर बरे वाटते. मिस्त्रींनी मला तेथे नेऊन निवड कशी करायची ते दाखवले. चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजावेत. त्यांत फरक असेल तर सांधे ढिले झालेले आहेत. बारीक भोकांखाली ताजे पीठ सांडलेले असेल तर भुंगा अजून आत आहे. आतल्या कोपऱ्यात नखाने खरवडले की सागाचा तेलकट, चामड्यासारखा वास यायला हवा. बिजागऱ्यांच्या आणि कडीच्या जागी झीज दिसली पाहिजे, कारण नव्या लाकडाला गडद रंग लावून ते जुने म्हणून विकण्याचा प्रकार चालतो, पण हाताळून आलेली झीज सहजी बनवता येत नाही. एका सुंदर नक्षीच्या खिडकीकडे माझा ओढा होता. तिची नक्षी पांढरट कच्च्या लाकडात कोरलेली होती आणि तिच्यातून पीठ गळत होते, म्हणून मिस्त्रींनी ती नको म्हटले आणि तिच्यामागची साधी, पण जड चौकट निवडली. तिलाही खबरदारी म्हणून टाकणखार (बोरॅक्स) आणि बोरिक अ‍ॅसिडच्या द्रावणाचे हात दिले. हे द्रव्य पावसाने धुपून जाते, त्यामुळे लाकूड वाळल्यावर त्यावर तेल किंवा रंग देणे भाग असते.

काचा जुन्याच ठेवल्या. खडूची पूड जवस तेलात मळून केलेली लांबी (पुट्टी) लावून त्या बसवल्या. झडपा आणि चौकट यांच्यात रुपयाच्या नाण्याच्या जाडीइतकी फट मुद्दाम राखली. उन्हाळ्यात ती मोठी वाटली, पावसाळ्यात मात्र एकही झडप अडली नाही.

अशा खिडक्यांकडून काय अपेक्षा ठेवायची हेही सांगितले पाहिजे. फाल्गुन-चैत्रातली धूळ त्या पूर्ण अडवत नाहीत, रस्त्याचा आवाजही थोडा आत येतो, आणि डासांची जाळी चौकटीच्या बाहेरच्या अंगाला वेगळी लावून घ्यावी लागते. ज्यांना धूळ आणि आवाज पूर्ण बंद हवा आहे, त्यांनी रस्त्याकडेच्या निजायच्या खोलीपुरता वेगळा विचार करावा. आम्हाला आलेला खर्च त्याच मापाच्या नव्या सागवानी खिडक्यांच्या निम्म्याहून थोडा अधिक होता. मुदत मात्र सांगितल्याच्या जवळजवळ दुप्पट लागली, आणि मध्ये लग्नसराई आली की फोन उचलला जात नाही; म्हणून काम दिवाळीनंतर द्यावे आणि पावसाच्या आत चौकटी भिंतीत बसतील अशी लेखी तारीख घ्यावी. पावसाचा मारा ज्या बाजूने येतो तिकडच्या खिडक्यांना दरवर्षी पावसाळा संपला की तेलाचा एक हात द्यायला त्यांनी सांगितले आहे. उरलेल्यांना दोन वर्षांनी दिला तरी चालेल.