हब बेअरिंग: अंगणात किटने दाबायचं, की नकल काढून प्रेसवर न्यायचं?

पुढच्या चाकाचं बेअरिंग गेलंय हे नक्की झालं आणि गाडी स्वतःच उघडायची ठरली, की खरा प्रश्न एवढाच उरतो: नवीन बेअरिंग दाबायचं कुठे? मी दोन्ही तऱ्हांनी केलं आहे. डावं चाक अंगणात, हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) ओढून काढायचं हब पुलरचं किट मागवून. उजवं, नकल, म्हणजे बेअरिंग ज्यात बसतं तो लोखंडी सांगाडा, सुटी करून डिचोलीच्या हायड्रॉलिक प्रेसवाल्याकडे नेऊन. गाडी तीच, पुढच्या चाकांनी ओढणारी छोटी हॅचबॅक.

आमचं घर गोव्यात, चोडण बेटावर. रोज रायबंदरला फेरीबोटीने जायचं, आणि भरतीच्या वेळी धक्क्याच्या उतारावर मांडवीचं मचूळ पाणी चाकांना लागतंच. त्यात पावसाळ्यात रस्त्यावर पाणी साचतं. चालून तापलेला हब एकदम पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेतून ओलावा आत ओढला जातो. ग्रीस खराब झालं की पुढे गंज आणि मग घरघर. आमच्या बाजूला बेअरिंग लवकर का जातात, याचं मला पटलेलं कारण हे.

निदानाबद्दल थोडंच, पण ते वगळू नका. चाक उचलून वर-खाली धरून हलवलं आणि खेळ, म्हणजे सैलपणा, लागला नाही, म्हणजे बेअरिंग शाबूत आहे असं नाही. माझ्या दोन्ही चाकांना खेळ अजिबात नव्हता, आवाज मात्र होता. आधी मी टायर पुढचे मागे केले. आवाज टायरांबरोबर मागे गेला नाही, पुढेच राहिला. मग पणजीच्या अटल सेतूवर एका वेगात गाडी धरली. रस्ता गुळगुळीत लागला की टायरचा आवाज उतरतो, बेअरिंगची घुमघुम तशीच राहते, आणि गिअर काढून न्यूट्रल केला तरी बदलत नाही. डावीकडच्या लांब वळणावर भार उजव्या चाकावर जातो. तेव्हा आवाज वाढला तर संशय उजव्यावर. पण एवढ्यावर बेअरिंग विकत आणू नका. गाडी स्टँडवर घ्या, एका हाताने चाक फिरवा आणि दुसऱ्या हाताची बोटं सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवा. चांगल्या बाजूला काही लागत नाही. गेलेल्या बाजूला बोटांना खरखर लागते, जात्यात वाळू पडल्यासारखी. मला या चाचणीने दोन्ही वेळा बरोबर बाजू दाखवली.

एक गोष्ट इथेच सांगतो. गाडीखाली चिरे रचून काम करणारे मी पाहिले आहेत. जांभा भाराखाली न सांगता फुटतो. चिरा मागच्या चाकांना अडवायला लावा, गाडी पेलायला नाही.

आता किट. त्याचं मोठं सुख म्हणजे सस्पेन्शनला फारसा हात लागत नाही. हब नट गाडी जमिनीवर असतानाच, दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगून ढिला करायचा. ब्रेकचा कॅलिपर तारेने स्प्रिंगला टांगायचा, ब्रेकच्या नळीवर लोंबकळू द्यायचा नाही. स्लाइड हॅमरने हब ओढून काढायचा, सर्कलिप (बेअरिंग जागेवर धरणारी कडी) काढायची, आणि किटमधल्या वाट्या व आट्यांचा दांडा लावून जुनं बेअरिंग बाहेर, नवीन आत. नकलला सस्पेन्शन आणि स्टिअरिंगशी जोडणारे बॉल जॉइंट, टाय रॉड जागच्या जागी, त्यामुळे अलाइनमेंटची, म्हणजे चाकांच्या कोनांची, चिंता जवळपास नाही. रविवारी दुकानं बंद असली तरी काम अडत नाही. बेटावर राहणाऱ्याला हे मोलाचं वाटतं, मलाही वाटलं होतं.

दाबण्याचं कामही, घाई न केल्यास, किटने नीट होतं. नकलचं भोक बारीक एमरीने साफ करून तेलाचा हात फिरवायचा. बेअरिंग नकलमध्ये बसवताना जोर फक्त बाहेरच्या रेसवर (बेअरिंगच्या कड्यावर), आणि नंतर हब आत घेताना आधार आतल्या रेसला. उलटं झालं तर जोर गोळ्यांमधून जातो, रेसवर खळगे पडतात आणि नवंकोरं बेअरिंग पहिल्याच दिवशी घुमायला लागतं. सुरुवातीलाच पाना जड लागला तर बेअरिंग तिरकं चाललंय असं समजून मागे घ्यायचं. एवढं पाळलं की झालं.

मला नडली ती आतली रेस.

हब ओढून काढला की बेअरिंगची एक आतली रेस हबबरोबर निघून येते, त्याच्या दांड्यावर घट्ट चिकटलेली. दुकानात नवीन बेअरिंग हातात घेताना हे कुणाच्या ध्यानात येत नाही. त्या रेसमागे हबच्या चकतीपर्यंत इतकी कमी फट असते की साध्या तीन पायांच्या पुलरचे पाय आत शिरतच नाहीत. माझ्या किटमध्येही त्यासाठी काही नव्हतं. संध्याकाळचे पाच वाजलेले, आभाळ भरून आलेलं, गाडी तीन चाकांवर. शेवटी हब व्हाइसमध्ये आवळला आणि ग्राइंडरने रेसला आडवी नव्हे, दांड्याच्या लांबीतून उभी चीर पाडायला घेतली. पूर्ण कापायची नसते. थोडी जाडी शिल्लक ठेवून चिरेत छिन्नी लावून ठोका द्यायचा, रेस कडक पोलादाची असल्याने ती तडकते. ठिणग्यांमुळे किती खोल गेलो ते दिसत नव्हतं. दर थोड्या वेळाने थांबून, गार करून बघायचं. तिसऱ्या ठोक्याला टण् करून रेस सुटली. पुसून पाहिलं तर दांड्यावर नखाएवढी एक खूण उमटलेली. नख फिरवलं की अडकत होतं.

मी एमरीने ती खूण सपाट केली, हब बसवला, गाडी शांत झाली. पण नवी रेस बसते ती जागा मिलिमीटरच्या शंभराव्या भागांच्या हिशेबाने घासलेली असते. तिथे घेतलेली एमरी मनातून जात नाही. त्या चाकाचा आवाज मला नंतर सतत ऐकू यायचा, असो वा नसो.

म्हणून उजव्या वेळी दुसरी वाट धरली. टाय रॉड, खालचा बॉल जॉइंट आणि स्ट्रटचे (स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बरच्या खांबाचे) दोन बोल्ट सोडवून, हबसकट नकल काढली. हे काम जास्त आहे, ते लपवत नाही. खाऱ्या हवेत हे बोल्ट हट्टी होतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं, तरी एकाला पाइप लावावा लागला. बॉल जॉइंट सोडवताना त्याच्या आट्यांवर हातोडी मारू नका, नकलच्या डोळ्यावर बाजूने मारा आणि रबराचं बूट सांभाळा. स्ट्रटचे बोल्ट काढण्याआधी त्यांची जागा खडूने नव्हे, टोच्याने खुणवा. आणि काम झाल्यावर अलाइनमेंट तपासून घ्यावंच लागतं, हा खर्च किटच्या वाटेत नाही.

डिचोली-साखळी पट्ट्यात खाणीच्या ट्रकांच्या कामावर उभी राहिलेली जुनी वर्कशॉप्स आहेत. २०१८ मध्ये खाणी पुन्हा थांबल्या तेव्हा ट्रकांचं काम आटलं, पण मी जिथे जातो तिथला प्रेस जागचा हललेला नाही. तिथल्या प्रेसवाल्या काकांनी नकल हातात घेतली, फिरवली, कान लावला आणि म्हणाले, “बाब, बेअरिंग आणलंस ते खरं, सर्कलिप नवी आहे ना?” हब प्रेसवर बाहेर आला आणि अर्थातच रेस चिकटूनच आली. त्यांनी दोन अर्धगोल पात्यांचा चिमटा काढला. त्याची धार फटीत सरकवली, दोन्ही बाजूंचे बोल्ट आवळले तशी रेस केसभर वर उचलली गेली, मग प्रेसखाली धरली. माझी आख्खी संध्याकाळ गिळणारी ती रेस माझा चहा व्हायच्या आत टेबलावर पडली होती. दांडा आरशासारखा साफ. नवीन बेअरिंग बसताना काट्यावरचा दाब सावकाश चढत गेला, टेकलं तेव्हा एकदम उसळला, आणि काकांनी तिथेच हात थांबवला. आट्यांच्या दांड्यावर हा क्षण मला फक्त मनगटाने ओळखावा लागला होता.

किटला मी जेवढे पैसे घातले, तेवढ्यात प्रेसची मजुरी कितीतरी वेळा भागली असती. अर्थात, ज्याच्या घरात तीन-चार गाड्या आहेत किंवा ज्याचं प्रेसवाल्यापासूनचं अंतर मोठं आहे, त्याचा हिशेब वेगळा येईल. तो किट घेत असेल तर मी अडवणार नाही; फक्त बेअरिंग सेपरेटर, म्हणजे तोच दोन पात्यांचा चिमटा, किटबरोबरच घ्या. किंवा हब महाग नसेल तर बेअरिंगसोबत नवा हबच आणा, रेस काढायचा प्रश्नच मिटतो. हबच्या दांड्यावर आधीच ओरखडे असतील तर असंही तेच करावं लागतं.

तिसरा प्रकार वादातच येत नाही. काही गाड्यांच्या मागच्या चाकांना हब आणि बेअरिंग मिळून एकच युनिट असतं, बोल्टांनी बसवलेलं. मेहुण्याच्या गाडीचं असं युनिट आम्ही जेवणाआधी बदललं. तुमची गाडी तशी असेल तर प्रेसचा विचार सोडा.

एबीएसच्या गाडीत मात्र, कुठल्याही वाटेने जा, एक डोळा उघडा ठेवा. बऱ्याच बेअरिंगांच्या एका तोंडावर चुंबकीय पट्टी असते, ती चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरच्या बाजूला यायला हवी. दोन्ही तोंडं डोळ्यांना जवळजवळ सारखी दिसतात. बारीक टाचणी लावून पाहा, एका बाजूला ती हलकेच ओढली जाते. उलटं दाबलं तर सगळं पुन्हा काढावं लागतं आणि काढताना नवीन बेअरिंग जातं. काकांनाही मी ही बाजू दाखवून दिली, त्यांना त्याचा राग आला नाही.

हब नट नवा घ्या. त्याचा टॉर्क अनेक छोट्या गाड्यांत दोनशे न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमधून घ्या आणि शेवटचा आवळ गाडी जमिनीवर टेकवून, टॉर्क पान्याने द्या. तोवर गाडी इंचभरही ढकलू नका, ढिल्या नटावर चाक फिरलं तर नव्या बेअरिंगची वाट लागते.

यंदा चवथीच्या आधी डाव्या चाकाने पुन्हा सूर धरला. खूण पडलेल्या दांड्यामुळे, की फेरीच्या पाण्यामुळे, ते मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. किट माळ्यावर होतं, ते तिथेच राहिलं. नकल गोणपाटात गुंडाळून स्कूटरच्या पायापाशी ठेवली, सोबत नवा हब घेतला आणि मयेमार्गे डिचोली गाठली.