पगाराचा हिशेब बाहेर दिला, त्याला अकरा महिने झाले

आमच्या कटिंग मशीनवरच्या एका ऑपरेटरना चार महिने रात्रपाळीचा ओव्हरटाइम मिळत नव्हता आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. पगार मी स्वतः एक्सेलमध्ये करायचे. जादा तासांसाठी नवा रकाना घातला, बाकीच्या सगळ्या ओळींत फॉर्म्युला गेला, त्यांच्या ओळीत घालायचा राहिला. पैसे मी लगेच दिले. पण त्यांनी जे सांगितलं ते अजून डोक्यातून जात नाही: "ताई, मला वाटलं तुम्हीच माझा ओव्हरटाइम बंद केलाय." म्हणजे चार महिने हा माणूस माझ्याविषयी तसं धरून रोज कामावर येत होता.

त्यानंतर मी पगाराचं काम बाहेरच्या सेवेकडे दिलं. खोक्यांचा छोटा कारखाना, २३ माणसं, दोन पाळ्या. एवढ्याशा ठिकाणी हे कशाला, असं मलाही वाटत होतं. पण ही कल्पना जुनीच आहे. हेन्री टॉब यांनी १९४९ मध्ये अमेरिकेतल्या पॅटरसन शहरात दुसऱ्यांचे पगार करून देण्याचा धंदा सुरू केला, तेव्हा सगळं हातानेच चालायचं. पगाराचं काम करून देणारी आजची मोठी कंपनी एडीपी त्यातूनच उभी राहिली.

मी घेतलेल्या सेवेची खरी ओळख पहिल्या आठवड्यात झाली. सॉफ्टवेअर दाखवायच्या आधी त्यांच्या बाईंनी विचारलं, "एका दिवसाचा पगार तुम्ही कशाने भागून काढता?" मी रजा कापताना ३० ने भागत होते आणि ओव्हरटाइमला २६ ने. का, ते मला सांगता येईना. १५,६०० पगार धरला तर २६ ने दिवसाचे ६०० होतात, ३० ने ५२०. चार दिवसांच्या बिनपगारी रजेत ३२० चा फरक पडतो. पुढचा प्रश्न होता महिन्याच्या मध्यात रुजू झालेल्या माणसाचा, त्यापुढचा सुट्टीच्या दिवशी केलेल्या कामाचा. कोणता नियम कायद्याने ठरलेला आहे आणि कोणता मला ठरवायचाय, हे त्यांनी वेगवेगळं करून दिलं आणि सगळं लिहून माझी सही घेतली. इतकी वर्षं माझ्याकडे पगाराचे नियमच लिहिलेले नव्हते. सेवेचे निम्मे पैसे तिथेच वसूल झाले असं मी मानते.

मग दोन महिने समांतर पगार केला, म्हणजे माझी शीट आणि त्यांचा हिशेब शेजारी ठेवून एकेक नाव ताडून बघायचं. पहिल्या महिन्यात सहा नावं जुळली नाहीत. चार चुका माझ्या होत्या, दोन त्यांच्या: जादा मिनिटं ते खालच्या पाव तासावर आणत होते, आमच्याकडे तशी पद्धत नाही. दुसऱ्या महिन्यात सगळी जुळली. ही पायरी कोणी टाळायला सांगत असेल तर त्या सेवेकडे जाऊ नका.

पैशांच्या वाटेबद्दल मी फार काटेकोर होते. काही सेवा पगाराची आणि कराची सगळी रक्कम आपल्या खात्यात घेतात आणि पुढे भरतात. तसं चालतं, पण त्यांनी कर भरला नाही तर बहुतेक देशांत जबाबदार धरतात ते मालकालाच. मी निवडलेल्या सेवेत ते बँकेची फाइल तयार करतात, मंजुरी मी देते आणि रक्कम थेट माझ्या खात्यातून जाते. कपातीचा भरणा झाला की पावती येते. ती मी दर महिन्याला उघडून बघते, आणि यादीतली २३ नावंही स्वतः मोजते. माहितीच्या सुरक्षेसाठी मी त्यांच्याकडे सॉक टूचा टाइप टू अहवाल मागितला होता, म्हणजे सेवेची नियंत्रणं तपासून बाहेरच्या ऑडिटरने दिलेला अहवाल. टाइप वनमध्ये फक्त एका दिवसाची स्थिती कळते, टाइप टूमध्ये काही महिने नियंत्रणं खरंच पाळली गेली का ते कळतं. त्यांनी अहवाल दिला.

सहाव्या महिन्यात आमच्या पॅकिंगच्या मुलीच्या नावाने त्यांना ईमेल गेला: बँक खातं बदललंय, पगार नव्या खात्यात टाका. त्यांनी बदल केला नाही. आधीपासून नोंदलेल्या नंबरवर तिला फोन केला, मग मला. ईमेल तिचा नव्हताच. तिचा महिनाभराचा पगार वाचला.

आता तक्रारी. पाचव्या महिन्यात रात्रपाळीचा घोळ झाला. रात्री १० ला आत आणि सकाळी ६ ला बाहेर, तर सिस्टीमने मध्यरात्रीला तारीख बदलल्यावर दोन अर्धवट दिवस धरले आणि तिघांची गैरहजेरी लागली. मी कळवल्यावर उत्तर आलं की फरक पुढच्या महिन्यात देऊ. हे मला अजिबात पटलं नाही. ज्याचा हप्ता पाच तारखेला जातो त्याला पुढचा महिना सांगून काय उपयोग? मी अडून बसले, तेव्हा दुसऱ्या दिवशी वेगळा पगार काढून दिला. स्वतःहून द्यायला हवा होता. नोकरी सोडणाऱ्याचा अंतिम हिशेब तर फारच रेंगाळतो आणि त्याचे पैसे वेगळे लागतात, ते करारात बारीक अक्षरांत होतं. सेवा सोडताना सगळा जुना डेटा वापरता येईल अशा फाइलमध्ये परत मिळेल, हे कलम मी मागून घालून घेतलं.

पाच माणसं, ठरलेला पगार, ओव्हरटाइम नाही, असं असेल तर एखादं साधं सॉफ्टवेअर पुरेल. पाळ्या असतील, तास दर महिन्याला बदलत असतील, तर काम बाहेर द्या, असंच माझं मत आहे. मी पाचपैकी चार देते. एक गुण रात्रपाळीच्या त्या उत्तरासाठी कापला.

हजेरी २४ तारखेला बंद होते. गेल्या महिन्यात कटिंगवरचे तेच ऑपरेटर मोबाइलवर स्लिप उघडून माझ्याकडे आले: "ताई, २६ तारखेचे तीन तास यात दिसत नाहीत." मी सांगितलं की ते पुढच्या पगारात येतील. या महिन्याची स्लिप आली तेव्हा मी विचारायच्या आधीच त्यांनी दारातून सांगितलं, "आले, तीनही."